टाम्मेनबाई बसखाली जातात

"उद्या मी बसखाली गेलो ना, तरी प्रीलचं काही अडणार नाही! पन्नास वर्षं चालेल!" असं म्हणून प्रोफेसर हार्मसेननी टेबलावर जोरात थाप मारली. बशा खणाणल्या.

समोर परीक्षण समितीची तिघं बसली होती. एक उंच गृहस्थ, एक बुटके गृहस्थ, दोघंही बोलत नव्हते, नुसते लिहीत होते. मध्ये अध्यक्षा, डॉक्टर ग्राबोव्स्की. लाइपझिगकडची बाई, चष्मा नाकाच्या शेंड्यावर.

"तुम्ही गेलात तर अडणार नाही, ते दिसतंच आहे," ग्राबोव्स्कीबाई म्हणाल्या. "कोण गेलं तर अडेल?"

खोलीतल्या सगळ्या माना, प्रोफेसरांच्या मानेसकट, खिडकीपाशी बसलेल्या विबके टाम्मेनकडे वळल्या. सूर्यफुलं वळतात तशा, आपोआप.

"छान," ग्राबोव्स्कीबाई म्हणाल्या. "मग या बाई आत्ता बसखाली गेल्या. जेवणापर्यंत त्या मयत. बाकीच्यांनी या प्रोग्रॅममधली एक चूक दुरुस्त करायची आणि नवी आवृत्ती जगासाठी सोडायची. बघू या पन्नास वर्षं."

प्रोफेसर हसले. हसू ओठांपर्यंत आलं आणि तिथेच वाळलं.

खरं तर एम्डेनसारख्या छोट्या जर्मन बंदरात बसखाली जाणं इतकं सोपं नाही. बस तासाला एक, ड्रायव्हर नावानिशी ओळखणारा. जीव द्यायचा तर आधी वेळापत्रक बघावं लागतं. पण या धंद्यात ती जुनी थट्टा आहे. प्रोग्रॅम किती टिकाऊ आहे हे मोजायचं असेल तर विचारतात, कितीजण बसखाली गेले की तो बंद पडेल? जितकी माणसं जास्त तितका प्रोग्रॅम भक्कम. प्रीलचं उत्तर एक होतं, आणि ते उत्तर खिडकीपाशी बसून बटरकेक खात होतं.

प्रील म्हणजे चिखलाचा पंचांगकर्ता म्हणा. एम्डेनच्या किनाऱ्याला ओहोटी लागली की समुद्र पार नजरेआड जातो आणि मागे उरतो नुसता गाळ. त्या गाळात पाण्याच्या वाटा असतात, आज इथे तर उद्या तिथे. कुठली वाट कुठे सरकली, किती खोल राहिली, हे प्रील सांगायचा. बांध सांभाळणारे, फेरीबोटवाले, कोरियापासून खंबातच्या आखातापर्यंतचे गाळाचे अभ्यासक, सगळे त्याच्यावर विसंबून. शिवाय प्रोग्रॅम खुला. कोणीही फुकट घ्यावा, कोणीही उघडून बघावा, कोणीही दुरुस्त करावा. घ्यायला सगळं जग यायचं. दुरुस्त करायला विबके.

आणि विबकेची नोकरी कंत्राटाची. एक संपायचं, दुसरं यायचं, तेही संपायचं. आता तर वर्षांची मर्यादा भरल्याने कायद्यानेच पुढचं देता येत नव्हतं. सप्टेंबर संपला की विबकेही संपली. समितीने प्रीलसाठी कायमची जागा मंजूर केली तरच ती वाचणार होती. म्हणून तिने प्रोफेसरांना आदल्या दिवशी बजावलं होतं, "साहेब, सरळ सांगा. हे सगळं एका माणसावर चाललंय आणि त्या माणसाला खुर्ची हवी आहे."

"टाम्मेनबाई, समितीपुढे रडगाणं गायचं नसतं," प्रोफेसर म्हणाले होते. "समितीला ताकद दाखवायची असते."

आता ताकद दाखवायची वेळ आली होती.

"मयताला माझ्या शेजारी बसवा," ग्राबोव्स्कीबाईंनी फर्मान काढलं. "म्हणजे खाणाखुणा व्हायच्या नाहीत. बोलायचं नाही, मान हलवायची नाही, लिहायचं नाही. फोन इकडे."

"फोन कशाला?" विबकेने विचारलं.

"फोनपण बसखाली गेला."

विबके खुर्ची उचलून निघाली तसा रीम्ट तिच्या कानाशी लागला. रीम्ट हा तिच्याच खोलीत बसणारा सहकारी. हुशार, पण प्रीलच्या पोटात त्याने कधी हात घातला नव्हता. "काय गंमत आहे बघ," तो कुजबुजला. "आम्ही पास झालो तर तुझी गरज नाही. नापास झालो तर प्रीलचीच गरज नाही. तू देवाकडे नक्की काय मागणार?"

हे विबकेच्या लक्षातच आलं नव्हतं.

"मयताशी बोलू नका," ग्राबोव्स्कीबाई म्हणाल्या.

भिंतीवर मोठा पडदा होता. त्यावर प्रीलचं पान उघडलं. शिल्लक तक्रारी: शून्य. प्रोफेसरांनी खाकरून त्या शून्याकडे सर्वांचं लक्ष वेधलं.

"वा," ग्राबोव्स्कीबाई म्हणाल्या. "मग मिटलेल्यांतली एक उचलू. ही बघा, कालचीच. 'ओहोटीच्या नकाशात बोटीची वाट पाण्याखाली दिसण्याऐवजी टेकडीसारखी वर आलेली दिसते.' गंभीर आहे. मिटली कधी? उत्तर तर कोणीच दिलेलं नाही."

रीम्ट बुटांकडे बघायला लागला. झालं होतं असं, की तक्रारी आपोआप मिटवणारा एक छोटा प्रोग्रॅम असतो. महिनोन् महिने कोणी काही बोललं नाही की तो तक्रार बंद करतो. प्रोफेसरांनी समिती येणार म्हणून आदल्या दिवशी त्या महिन्यांची मिनिटं करून टाकली होती. रात्रभरात सगळं पान धुऊन स्वच्छ.

"शिस्त आहे आमच्याकडे," प्रोफेसर म्हणाले.

चूक मात्र रीम्टला पटकन सापडली. अधिकाच्या जागी उणे पडलं होतं, बस्स. त्याने चिन्ह बदललं आणि पडद्यावरची टेकडी भसकन खाली बसून तिथे पाण्याची वाट झाली. बुटक्या गृहस्थांनी मान डोलावली. विबकेच्या छातीत आनंदाची उसळी आली, आणि मागोमाग रीम्टचं बोलणं आठवून ती उसळी बसली.

"आता चाचण्या लावायच्या, त्या पास झाल्या की आवृत्ती सोडायची," रीम्ट म्हणाला. "सोडायला किल्ली लागते. किल्लीचा आकडा फोनवर येतो."

"कोणाच्या?"

सगळ्यांनी ग्राबोव्स्कीबाईंच्या पर्सकडे पाहिलं. पर्समधून टुंग असा आवाज आला.

"हा फोन मेला आहे," ग्राबोव्स्कीबाई म्हणाल्या. "दुसरी किल्ली कोणाकडे?"

रीम्टने यादी उघडली. दुसरी किल्ली पाणकावळा नावाच्या कोणाकडे होती. पाणकावळा म्हणजे कोण, बाई की बुवा, कुठल्या देशातला, कोणालाच माहीत नव्हतं. वर्षानुवर्षं तो फुकटात प्रीलच्या बारीकसारीक चुका काढून द्यायचा, एवढंच. मध्येच एकदा कोणीतरी कंटाळून त्याला किल्ली देऊन टाकली होती.

प्रोफेसरांनी बाह्या सरसावून त्याच तक्रारींच्या पानावर स्वतः विनंती लिहिली. लांबलचक, अदबीची, दोन ठिकाणी विज्ञानाची सेवा. पाठवली आणि ते चहाचा घोट घ्यायला वळले. परत वळून बघतात तर खाली उत्तर: "बराच काळ हालचाल नसल्याने ही तक्रार मिटवण्यात आली आहे. आपल्या सहभागाबद्दल आभार."

"काय निर्लज्ज माणूस आहे!" प्रोफेसर ओरडले.

"तो माणूस नाही साहेब," रीम्ट म्हणाला. "ती तुमची शिस्त आहे."

शिस्त बंद केली. विनंती पुन्हा पाठवली. या वेळी पाणकावळा खरोखर बोलला. बहुधा त्याच्याकडे रात्र असावी, कारण सूर चिडका होता.

"टाम्मेन कुठे आहे?"

"बसखाली गेली," रीम्टने लिहिलं, आणि घाईघाईने, "सरावासाठी."

"मग किल्ली वापरायला मला सांगणारे तुम्ही कोण?"

"मी प्रोफेसर हार्मसेन. प्रीलचा जनक," प्रोफेसरांनी सांगून रीम्टकडून लिहवून घेतलं.

पडद्यावर लगेच उत्तर उमटलं.

"अच्छा, तुम्ही होय! नऊ वर्षांपूर्वी मी तुम्हाला एक प्रश्न विचारला होता. पार तळाच्या कोडात, जिथे 'याला हात लावू नये, हार्मसेन' असं लिहिलंय, तिथे तुम्ही सगळ्याला शून्य दशांश सदतीसने गुणता. का? आधी त्याचं उत्तर. मग किल्ली."

खोलीत सगळे प्रोफेसरांकडे बघायला लागले. उंच गृहस्थांचं पेन वर उचललेलं तसंच राहिलं. प्रोफेसरांच्या कपाळावर घाम आला.

"तो आकडा," ते म्हणाले, "प्रदीर्घ निरीक्षणातून आलेला आहे."

रीम्टने लिहिलं. पाणकावळ्याने विचारलं, "कसल्या निरीक्षणातून?"

"चिखलाच्या."

"कुठल्या चिखलाच्या?"

प्रोफेसरांनी रुमाल काढला. विबकेनेही हा प्रश्न त्यांना तीनदा विचारला होता आणि तिन्हीदा त्यांना महत्त्वाचा फोन आला होता. आज फोन येण्याचं लक्षण नव्हतं.

"लिही बाबा," प्रोफेसर शेवटी पुटपुटले. "प्रबंध द्यायचा होता. आकडा जुळत नव्हता. त्याने जुळला."

"म्हणजे अंदाजपंचे?" पाणकावळा.

"हो."

"आभारी आहे. आता शांत झोप लागेल. चाचण्या हिरव्या दिसल्या की आवृत्ती सोडतो. पण आज मला लवकर झोपायचंय. फार ताटकळवू नका."

ग्राबोव्स्कीबाई पहिल्यांदाच हसल्या आणि त्यांनी कप रिकामा केला. लगेच उब्बेनबाई पुढे झाल्या. उब्बेनबाई म्हणजे कचेरीच्या सर्वेसर्वा. पाहुण्याचा कप रिकामा दिसणं हा त्यांच्या मते घराण्याला बट्टा. आधी कपात खडीसाखर, मग वरून काळाभोर चहा, खडीसाखर तडकल्याचा आवाज, मग कडेने सोडलेली साय. "घ्या बाई, घ्या. ढवळायचं नाही हं."

"पुष्कळ झाला हो," ग्राबोव्स्कीबाई कसनुशा म्हणाल्या.

"इश्श, पुष्कळ कसला!" उब्बेनबाई म्हणाल्या आणि पाणी ठेवायला आत गेल्या.

रीम्टने चाचण्या लावल्या. पडद्यावर एकेक हिरवा ठिपका उमटू लागला. अर्धी रांग झाली, आणि खळ्ळकन सगळं थांबलं. लाल अक्षरं. चाचणी तुटली.

"माझंच काहीतरी चुकलं," रीम्ट म्हणाला आणि कोडात आणखी एक ओळ बदलली. पुन्हा लावलं. अर्धी रांग हिरवी, आणि पुन्हा लाल.

रीम्टचं काहीही चुकलं नव्हतं. हे त्या खोलीत एकाच माणसाला माहीत होतं, आणि तो माणूस मयत होता.

चाचण्या ज्या जुन्या संगणकावर चालायच्या, तो पूर्वी संगणकांच्या खोलीत असायचा. पण तिथे ठेवायला चालू प्रकल्प लागतो. प्रकल्प संपला, संगणकाला बाहेर काढलं. विबकेने तो उचलून चहाच्या खोलीत ओट्याखालच्या कपाटात ठेवला. तिथे प्लग एकच. उब्बेनबाईंना किटली लावायची असली की त्या "तो घूं घूं करणारा डबा" काढायच्या आणि चहा झाला की शहाण्यासारखा परत लावायच्या. विबकेचं आणि त्यांचं ठरलेलं होतं. चहाच्या वेळी चाचण्या नाहीत, चाचण्यांच्या वेळी चहा नाही. कधी भांडण झालं नाही. पण रोज चहाला ठरलेली वेळ असते. पाहुण्यांच्या चहाला वेळ नसते. पाहुणा पुरे म्हणेपर्यंत तो चालतो.

आणि ग्राबोव्स्कीबाई तोंडाने पुरे म्हणत होत्या. एम्डेनमध्ये तोंडाने म्हटलेलं कोणी ऐकत नाही. चहा पुरे झाला की चमचा कपात उभा ठेवायचा. चमचा बशीत आहे तोवर चहा येणार. लाइपझिगच्या माणसाला हे कोण सांगणार? बाईंचा चमचा बशीत निवांत आडवा पडला होता. उब्बेनबाईंनी पुढचा कप ओतला. आत किटली शीळ घालायला लागली. पडद्यावर तिसऱ्यांदा लाल.

"आता काय?" ग्राबोव्स्कीबाईंनी विचारलं. आवाजात चहा डुचमळत होता. "जेवणाची वेळ होत आली."

"झोपायला जातोय," पाणकावळ्याने लिहिलं. "शेवटची संधी."

रीम्ट घामाघूम झाला होता. तेवढ्यात प्रोफेसरांना सुचलं. त्यांना सुचतं तेव्हा त्यांचे कान लाल होतात.

"अरे, चाचण्या पास होत नाहीत ना? मग चाचण्याच काढून टाक!"

"सगळ्या?"

"तुटणाऱ्या तेवढ्या."

"दर वेळी वेगळीच तुटते, साहेब."

"मग सगळ्या!"

एकेक चाचणी विबकेने एकेका चुकीनंतर लिहिली होती. कुठे बोट रुतली, कुठे बांधाचा हिशोब चुकला, कुठे कोरियातल्या कोणाचा अख्खा हंगाम वाया गेला, त्या प्रत्येकाची एक. रीम्टने सगळ्या निवडून निळ्या केल्या. पुसायच्या बटणावर बोट ठेवलं.

ती गप्प बसली तर परीक्षा बुडणार. चाचण्यांविना आवृत्ती सोडणाऱ्यांना कुठलीही समिती दारात उभी करत नाही. मग प्रील गेला आणि जागाही गेली. आणि चाचण्या पूर्ण झाल्या तर परीक्षा पास, आणि तिच्यावाचून चालतं हे सिद्ध. काय करायचं? तिने शेजारी पाहिलं. ग्राबोव्स्कीबाईंनी नाइलाजाने कप संपवला होता. दाराशी उब्बेनबाई नवी चहादाणी घेऊन उभ्या. रीम्टचं बोट खाली येत होतं.

विबकेने हात लांब केला, बशीतला चमचा उचलला आणि ग्राबोव्स्कीबाईंच्या कपात उभा ठेवला. खण् असा बारीक आवाज झाला.

"झालं का पुरे?" उब्बेनबाई थबकल्या. "बरं बाई. म्हणजे आता किटली काढते आणि डबा लावते." आणि वळून गेल्या.

"थांबा," ग्राबोव्स्कीबाई म्हणाल्या. त्या कपाकडे बघत होत्या. मग विबकेकडे. मग दाराकडे. "डबा म्हणजे कुठला डबा?"

ज्यांना माहीत नव्हतं त्यांना उत्तर देता येईना आणि जिला माहीत होतं तिला बोलायची बंदी. रीम्टने मात्र विबकेचा चेहरा पाहिला, पुसायच्या बटणावरचं बोट हळूच काढलं, आणि चाचण्या शेवटचं म्हणून पुन्हा लावल्या.

एक हिरवा. दुसरा हिरवा. अर्धी रांग झाली. पाऊण झाली. आत उब्बेनबाई कपबशा विसळत होत्या, त्याचा आवाज आला तरी प्रोफेसर दचकत होते. शेवटचा ठिपका बराच वेळ करडा राहिला. मग हिरवा झाला.

"सोडली," पाणकावळ्याने लिहिलं. "शुभ रात्री. टाम्मेनला फुलं पाठवा."

टाळ्या झाल्या. प्रोफेसरांनी रीम्टला मिठी मारली, मग उंच गृहस्थांना, मग चुकून खुर्चीला. "बघितलंत? माणसावर अवलंबून नाही! मी म्हटलं होतं!"

ग्राबोव्स्कीबाई उठल्या आणि चहाच्या खोलीत गेल्या. कपाट उघडल्याचा आवाज आला. मग त्या परत आल्या आणि त्यांनी विबकेचा फोन तिच्यासमोर ठेवला.

"तुम्ही आता जिवंत आहात. चमचा तुम्ही हलवलात?"

"हो."

"मयताने हालचाल केली."

"बोलले नाही, मान हलवली नाही, लिहिलं नाही," विबके म्हणाली. "चमच्याबद्दल तुम्ही काही म्हणाला नव्हतात."

"बरोबर आहे," बुटके गृहस्थ म्हणाले. सकाळपासूनचं त्यांचं हे पहिलं वाक्य. "मी लिहून घेतलंय. चमच्याचा उल्लेख नाही."

समिती दार लावून बसली. बाहेर विबके भिंतीला टेकून उभी होती. उब्बेनबाईंनी तिच्या हातात कप दिला. "पी पोरी. तोंड बघ कसं झालंय, मेल्यासारखं."

"मी तुम्हाला डबा लावायला लावला, उब्बेनबाई."

"मला काय ठाऊक त्यात एवढं आहे! मला वाटलं पोराबाळांचा काही खेळ असेल."

दार उघडलं. ग्राबोव्स्कीबाईंनी निकाल उभ्यानेच सांगितला. परीक्षा पास. पण हे सगळं एका व्यक्तीवर टांगलेलं आहे, हे समितीने स्वतःच्या कपात पाहिलं. तेव्हा टाम्मेनबाईंना कायमची जागा मंजूर.

विबके रडायला लागली. रीम्टने तिला उचलून एक गिरकी मारली. प्रोफेसर म्हणाले, ही कल्पना मूळ त्यांचीच.

पत्र रीतसर ऑक्टोबरात आलं. जागा कायमची, पेन्शनसकट, खिडकीकडची खोली. खाली अट होती. प्रील कुठल्याही एका व्यक्तीवर अवलंबून राहू नये हा या जागेचा हेतू असल्याने, जागेवरील व्यक्तीने प्रीलच्या कोडला हात लावू नये. तिने त्याच्या टिकाऊपणावर दर तीन महिन्यांनी अहवाल द्यावा. कोडला हात लावणाऱ्यासाठी वेगळी तरतूद नाही.

विबके सोमवारी रुजू झाली. रीम्टचं कंत्राट संपून तो म्युनिकच्या एका विमा कंपनीत गेला होता. त्याच दुपारी प्रीलच्या नकाशात एम्डेनचं नगरभवन भरतीच्या पाण्याखाली दिसू लागलं. विबकेने तशी नोंद अहवालात केली.